जिन्याखालच्या सिगारी

सातारा-सांगलीकडचं पोरगं जुन्या आठवणी सांगायला बसलंय म्हटल्यावर तुम्ही मनात ताट वाढूनच घेतलं असणार. एका वाटीत तांबडा रस्सा, एका वाटीत उसाचा रस, मागं कुस्तीचं मैदान आणि तोंडी लावायला एखादी म्हैस. उचला ते ताट. म्हैस आपल्या गोष्टीत नाही. आपल्या गोष्टीत हाय सिगार. व्हय, सिगार. जाडजूड, तपकिरी, पिक्चरमधला व्हिलन खुर्ची गर्रकन फिरवून ओढतो ती. आता तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ना, "रहिमतपूरचं पोरगं, बापानं शिकायला सांगलीला धाडलं आणि ह्यानं हे दिवे लावले", अगदी तेच माझ्या आईच्या चेहऱ्यावर आलं होतं, कॉलेजच्या पहिल्या सुट्टीला माझ्या शर्टाला तंबाखूचा वास आला तेव्हा. तिला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. मी ओढत नाही. मी फक्त हजेरी द्यायचो.

परवा विश्रामबागला आत्याकडं गेलो, दसरा काढायला. म्हणजे घट बसायच्या आधी अख्खं घर उपसायचं. वाकळा, चादरी, पडदे, माळ्यावरची पितळी पातेली, वर्षभर ज्याला हात लागत नाही ते सगळं खाली काढायचं, धुवायचं आणि गच्चीवर उन्हात टाकायचं. सांगलीत या दिवसांत ऊन असं पडतं की सकाळी टाकलेल्या वाकळेवर दुपारी पापड भाजून घ्यावा. आत्याचे गुडघे आता कुरकुरतात, पण तसं तोंडावर म्हटलं तर मार खावा लागतो. म्हणून मी "सहज आलोय" म्हणून आलो.

"सहज आलायस तर ते जिन्याखालचं काढ," आत्या म्हणाली, आणि वाकळ खांद्यावर टाकून वर निघाली.

जिन्याखाली सिमेंटचं बुटकं कपाट आहे. रांगत आत जावं लागतं. दार उघडलं आणि मी तिथंच फतकल मारली.

वास आला.

तो वास सांगायला अवघड आहे. पेंढ्याची जुनी गंजी मधनं उघडावी, शेजारी कुणीतरी नव्या चपला काढून ठेवलेल्या असाव्यात, आणि लांब कुठंतरी गुऱ्हाळ पेटलेलं असावं. घरात फिनेलनं फरशी पुसलेली, पत्र्याच्या डब्यातनं हळद काढलेली, आणि त्या सगळ्या वासांच्या खालनं हा वास गुपचूप आला आणि माझ्या शेजारी बसला. मामा बसायचे तसा. मांडी घालून, पाठ ताठ ठेवून.

मामा म्हणजे आत्याचे मालक, आणि कॉलेजची वर्षं मी ह्या दोघांच्याच घरी काढली. सैन्यात होते. सुभेदार होऊन घरी आले, पण बंदुकीपेक्षा जास्त वर्षं त्यांनी ऑफिसरांची मेस सांभाळली. काट्याचमच्यांची चकाकी, टेबलावरच्या घड्या, आणि साहेबांच्या सिगारी. साहेब म्हणजे त्यांचे कर्नल साहेब. मामांच्या बोलण्यात साहेब इतके यायचे की आत्या म्हणायची, "माजं लगीन सायबासंगंच झालंय, ह्यांचं नुसतं नाव लावलंय."

मामा रिटायर झाले तेव्हा साहेबांनी निरोपाला एक लाकडी पेटी हातात दिली. आणि म्हणाले (हे मामा उभं राहून, छाती काढून सांगायचे), "सुभेदार, ये तोहफा नहीं है. अमानत है. तुम्हारे गाँव आऊँगा, तब साथ बैठके पियेंगे. सूखने मत देना."

मामांनी आयुष्यात विडीलासुद्धा हात लावलेला नव्हता. पण "सूखने मत देना" हा हुकूम होता, आणि रिटायर झाल्यावर हुकूम मागं घ्यायला साहेब काय आले नव्हते.

रविवारी सकाळी आंघोळ झाली की मामा डबा बाहेर काढायचे. घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात ती लाकडी पेटी, पेटीत सिगारी एकमेकीला टेकून झोपलेल्या. कडेला भोकं पाडलेली साबणदाणी, आणि साबणदाणीत फुटक्या माठाची खापरी. सगळा कारभार त्या खापरीवर. ती ओल सोडणार, सिगारी ती ओल पिणार. खापरीला पाणी पाजायचं, पण नळाचं नाही. "नळाच्या पाण्यानं खापरीवर खार धरतोय, मग बुरशीला आवतान," मामा म्हणायचे. कोपऱ्यावर इकबालचाचांचं बॅटरीचं दुकान होतं. बॅटरीत घालायचं पाणी तिथनं यायचं. मी बाटली घेऊन गेलो की चाचा रस्त्यापलीकडं ऐकू जाईल असं ओरडायचे,

"आला का सुभेदारांचा जवान! आरं, घरात इन्व्हर्टर न्हाई, दारात गाडी न्हाई, मग बॅटरी कशाची चालतीया?"

"मामांची, चाचा."

"मग आत्तीला म्हणावं, मामांस्नी टॉपअप करून ठेव!"

खापरी पाण्यात बुडवायची, निथळू द्यायची, फडक्यानं टिपायची. ओली पाहिजे, गळती नको. किती ओली, असं मी विचारलं तर मामांनी थोडा विचार केला. "पोरगं रडून गप झालं की त्येचा गाल आसतोय बघ," ते म्हणाले, "तशी."

त्यांना मूलबाळ नव्हतं. हे मला तेव्हा सुचलं नाही, आत्ता लिहिताना सुचलं.

मग हजेरी.

"नंबर एक!" मामा पुकारायचे.

"हाजिर साब!" मी. नव्या भरतीतल्या पोराचा आवाज, अर्धा घाबरलेला.

"नंबर दो!"

"हाजिर साब!" हा बिहारचा. पुढचा मामांच्या गावचा, आष्ट्याचा, सुट्टी मागणारा. त्याच्या पुढचा पंजाबी, बटाटा तोंडात धरल्यासारखा. प्रत्येक सिगारीला मी वेगळा आवाज दिला होता, आणि मामा त्या आवाजांना खरंच ओळखायचे. "आज बिहारी गडी बारीक बोलतोय रं. बघू हिकडं." मग ती सिगार दोन बोटांत धरून माझ्या कानाशी आणायचे, हळूच दाबायचे.

"काय म्हणती?"

"काय म्हणत नाही मामा."

"शाबास. गप बसली म्हंजे बरी हाय. कुरकुरली म्हंजे सुकली. आन दाबल्यावर खड्डा तसाच ऱ्हायला, तर समज, जास्त प्यालीया."

"मग आत्या तर कवाच सुकली म्हणायची."

स्वयंपाकघरातनं लाटणं कट्ट्यावर आपटायचं. मामा हसायचे, पण आवाज नाही. नुसतं पोट हलायचं. ते पोट हलवायला मी काय काय केलंय, देवाला माहीत. प्राचार्यांची नक्कल केली, एस.टी.च्या कंडक्टरची केली, लग्नातल्या भटजींची केली. पण पोट सगळ्यात जास्त हलायचं ते साहेबांच्या नकलेला. साहेबांना मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. मामा सांगायचे तसा मी बोलायचो. घसा खाली ओढायचा, शब्द चावून टाकायचा, आणि वाक्याच्या शेवटी थोडं थांबून "क्या?" म्हणायचं. "सुभेदार! सूखने मत देना... क्या?" मामा पोट हलवत हलवत नकळत ताठ व्हायचे.

त्यांच्याकडनं मी हळूहळू शिकत गेलो. वर पांढरी भुकटी दिसली आणि बोटानं निघून गेली तर घाबरायचं नाही, मामांच्या मते ते सिगारीचं म्हातारपण, आपले केस पिकतात तसं. पण निळी-हिरवी लव आली, तिला केस असले, आणि भिजलेल्या पोत्याचा वास आला, तर ती बुरशी. ती सिगार रांगेतनं बाहेर, शेजारणींना सुद्धा तिच्याजवळ ठेवायचं नाही. एकदा एकीच्या अंगावर टाचणीनं टोचल्यासारखं भोक दिसलं. मामांचा चेहरा असा झाला की जणू छावणीत शत्रू शिरला. आत तंबाखूचा किडा असतो म्हणे. मग सगळी पलटण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये, मटारच्या शेजारी. "उद्या पुलावात सापडलं तर मला बोलायचं न्हाई," आत्यानं बजावलं. थंडीनं किडा मेला की पलटण आधी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग बाहेर. एकदम उकाड्यात आणली तर अंग फुटतं. काश्मीरहून थेट सांगलीला आलेल्या जवानासारखं, मामा म्हणायचे.

भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरनं. जिन्याखालची ती जागा घरातली सगळ्यात गार. मामांना ती सिगारींना पाहिजे होती, आत्याला चटणीच्या बरण्यांना.

"आवं, तुमच्या चिरुटांचा माज्या चटणीला वास लागतोय."

"अगं, तुज्या चटणीचा माज्या सिगारींस्नी लागतोय! साहेब वडताना शिंकला तर?"

"शिंकला तर शिंकू द्या. कळंल तरी त्येला, सांगलीत आलोय म्हून."

साहेब येणार का, हे घरात कुणी विचारत नव्हतं. ते कधी येणार, एवढंच विचारायचं बाकी होतं. दिवाळीला मामा फोन करायचे, साहेब पलीकडनं म्हणायचे, "आऊँगा सुभेदार, पक्का." फोन ठेवला की मामा जिन्याखाली जाऊन खापरी बघून यायचे. मी कॉलेजचं पहिलं वर्ष काढलं, दुसरं काढलं. साहेब आले नाहीत. खापरी कधी सुकली नाही.

आणि मग तो दसरा आला.

मामा आष्ट्याला गेले होते, शेताकडं. मी कॉलेजला. आत्यानं घर उपसलं आणि उपसता उपसता डबा हाताला लागला. उघडला. पावसाळा नुकताच संपला होता, त्यात सिगारींवर पांढरी भुकटी. आता एक बाई आयुष्यभर काय शिकलेली असते? डाळीला ओल लागली, ऊन दाखवा. चिंचेला लागली, ऊन दाखवा. वाकळेला, गव्हाला, लोणच्याच्या बरणीला, सगळ्याला एकच औषध. आत्याला ती बुरशीच वाटली. सायेब येणार आणि त्याच्या हातात बुरशी धरलेलं चिरूट द्यायचं? सुभेदारांची काय इज्जत राहील?

तिनं एकेक सिगार मऊ धोतराच्या फडक्यानं पुसली. गच्चीवर वाकळ आंथरली, तिच्यावर धुतलेली चादर, चादरीवर सिगारी ओळीनं मांडल्या, मध्ये बोटभर जागा सोडून, कुरडया मांडतात तशा. दुपारी जाऊन प्रत्येक सिगार उलटी केली. दुसऱ्या बाजूनं पण ऊन मिळायला पाहिजे. कावळा येऊ नये म्हणून तिथंच काठी घेऊन बसली.

मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा मामा नुकतेच येऊन वाकळा उतरवायला वर गेलेले. मी पण मागं गेलो. गच्चीभर तो ऊन लागलेल्या कापसाचा ऊबदार वास होता, आणि मध्ये आत्या उभी होती. चेहरा उन्हानं लाल, पण खूश.

"बुरशी धरली हुती," ती म्हणाली. "तुमी लक्षच देत न्हाईसा. म्हटलं ऊन दाखवावं. बघा, कसं खडखडीत झालंय सगळं!"

मामा खाली बसले. एक सिगार उचलली. कानाशी नेली. दाबायची गरजच नव्हती. मी दोन हातांवर होतो, मला ऐकू आलं. वाळलेलं पान पायाखाली यावं तसा आवाज. वरचं पान लांबीनं तडकलेलं. दुसरी उचलली, ती पण. सगळ्या पलटणीनं एका सुरात कुरकूर केली.

मला वाटलं, झालं. आता मामा ओरडणार. मामांना ओरडताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि खरं सांगतो, मनात असं पण आलं की हे नीट ऐकून ठेवू, पुढं नकलेला होईल. जातीचा नकलाकार असा असतो, त्याला लाज नसते.

मामांनी आत्याकडं बघितलं. तिच्या हातातली कावळे हाकायची काठी बघितली. आणि म्हणाले, "बरं केलंस."

एवढंच. सिगारी एकेक करून ओंजळीत घेतल्या, कबुतराची पिल्लं धरावीत तशा, आणि खाली गेले.

आत्याला दुसऱ्या दिवशी कळलं. इकबालचाचांनी सांगितलं. पाण्याची बाटली न्यायला ती स्वतः गेली होती आणि हौसेनं सगळं सांगून बसली. चाचांनी कपाळावर हात मारला. "काय केलंसा वैनी! त्यास्नी वल लागती, वल! माशाला ऊन दाखवल्यावानी केलंसा!"

आत्या तडक घरी आली. जेवताना वाढत होती, मामांकडं बघत होती. मामा भाकरी मोडत होते. तिला वाटत होतं, आता बोलतील. मामा म्हणाले, "आमटी ब्येस झालीया." त्या आमटीत मीठ नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजहून आलो तर जिन्याखालच्या सगळ्या चटणीच्या बरण्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली, गरमीत. आत्यानं जागा खाली करून दिली होती. कुणी मागितली नव्हती.

मग सुरू झाला दवाखाना. सुकलेली सिगार परत आणता येते, पण घाई चालत नाही. एकदम पाणी दाखवलं तर आतला तंबाखू फुगतो आणि वरचं पान फाटतं. म्हणून आधी खापरी अगदी कोरडीसारखी, नुसती गार. मग काही आठवड्यांनी थोडी ओली. मग आणखी. इकबालचाचा रविवारी बघायला यायचे. "सुभेदार, बॅटरी पार बसल्यावर पाणी घालून काय उपेग?"

"चार्जिंग स्लो ठेवलंय, इकबालभाई," मामा म्हणायचे.

हजेरीत मी आता आवाज बदलले होते. सगळे जवान आजारी. "हाजिर साब..." खोकत. बिहारी गडी तर ओठ हलवायचा, आवाजच नाही. पूर्वी लाटणं आपटणारी आत्या आता दारात येऊन उभी राहायची आणि विचारायची, "आज कसा हाय त्यो?" मस्करी नाही. खरंच विचारायची.

तडकलेली पानं चिकटवायची होती. मामांची बोटं जाड. दोन पानं त्यांनी आणखीनच फाडली. आत्यानं न विचारता डिंकाच्या लाडवांचा डिंक आणला, पाण्यात विरघळवला, करंगळीवर घेतला आणि मामांच्या हातातनं सिगार काढून घेतली. करंजीची कड दाबतात तसं तिनं ते पान बसवलं. कड दिसेना. मामा बघत राहिले. दोघं जिन्याखाली, डोकं एकमेकाला लागेल इतकं वाकून, आणि मध्ये एक सिगार. मी बाहेर पायरीवर पुस्तक उघडून बसलो होतो. पान एकच उघडं होतं, ते पुढं गेलं नाही. त्या संध्याकाळचा वास अजून माझ्या नाकात आहे. डिंक, तंबाखू आणि ओली खापरी. लग्न ह्या गोष्टीचा वास कुणी विचारला तर मी तोच सांगेन.

संक्रांत झाली आणि साहेबांचा फोन आला. मुलीबरोबर गोव्याला चाललेत, वाटेत सांगलीला येतात.

आत्यानं घर पुन्हा धुतलं. मामांनी कोट इस्त्री केला, पुन्हा केला. डबा उघडून बघायची हिंमत दोघांनाही नव्हती, म्हणून मला बघायला लावलं. पलटणीतले बरेच जण गेले होते, पण थोडे उभे होते. मी एक कानाशी धरली, दाबली.

"काय म्हणती?" दोघं एकदमच.

"गप हाय."

साहेब आले. मी मनात केवढा माणूस बांधला होता! दारात उभा राहिला तो काठी टेकणारा, सदरा अंगात सैल झालेला, बारीक आवाजाचा म्हातारा. मामांनी टाच जुळवून सलाम ठोकला तर साहेबांनी त्यांना मिठीच मारली. मग चहा, तिळगूळ, जुन्या नावांची उजळणी. आणि मामांनी पेटी समोर ठेवली.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

साहेबांनी एक सिगार उचलली. कानाशी नेली, हळूच दाबली. अगदी मामांसारखी. म्हणजे मामाच त्यांच्यासारखं करायचे. मग डोळे मिटून नाकाखालनं फिरवली. थांबले. परत फिरवली.

"सुभेदार," ते म्हणाले, "इसमें धूप की खुशबू है."

आत्याचा पदर तिथंच थांबला.

"हाँ साब," मामा म्हणाले. "सांगली की धूप है. हमारे घर में जो भी अच्छा होता है साब, उसको धूप दिखाते हैं."

साहेब हसले. "पापा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" अशा अर्थाचं त्यांची मुलगी इंग्रजीतनं म्हणाली, तोपर्यंत त्यांनी काडी ओढली होती. एकच झुरका घेतला, तोंडात फिरवला, सोडला. आणि सिगार मामांकडं दिली. "साथ बैठके, बोला था ना?"

मामांनी ओढली. असा ठसका लागला की इकबालचाचा दुकानातनं पळत आले. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं धूर. साहेब हसतायत, चाचा पाठ थोपटतायत, आणि आत्या पाण्याचा तांब्या घेऊन उभी, ती पण रडत होती, पण तिला तर ठसका लागला नव्हता.

"सायबांस्नी तुजी नक्कल दाव की रं," मामा खोकत म्हणाले.

मी छाती काढली, घसा खाली ओढला. "सुभेदार! सूखने मत देना... क्या?"

साहेबांनी मान तिरकी करून ऐकलं. "अच्छा है. लेकिन ये मैं नहीं हूँ, बेटा," ते म्हणाले. "ये तो सुभेदार है."

सगळे हसले. मी पण हसलो. तेव्हा वाटलं, नक्कल पडली.

जाताना साहेब म्हणाले, बाकीच्या सांभाळून ठेव, पुढच्या वर्षी परत. पुढच्या वर्षी साहेब आले नाहीत. त्याच्या पुढं कधीच आले नाहीत. मग मी शिकून साताऱ्याला नोकरीला लागलो, आणि मग एका सकाळी आईचा फोन आला की मामा गेले. इकबालचाचांच्या दुकानात आता त्यांचा मुलगा बसतो. तो ओरडत नाही, मोबाइलमधनं मान वर न काढता बाटली देतो. लग्नात, गणपतीत मला अजून नकला करायला लावतात. सगळ्यांच्या करतो. मामांची एकदाही केली नाही. करायला गेलो की ती मांडी घालून बसते, उठतच नाही.

तर परवा मी जिन्याखाली डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. मनाची तयारी केली होती. इतक्या वर्षांत काय राहिलं असणार? भुसा. झाकण उघडलं. पेटीत एकच सिगार उरली होती, चिकटवलेल्या पानाची. कानाशी धरली. दाबली.

गप होती.

मला कळेना. मग साबणदाणी उघडली आणि खापरीला बोट लावलं. गार. पोरगं रडून गप झाल्यावर त्याचा गाल असतो, तशी.

कपाटाच्या कोपऱ्यात बॅटरीच्या पाण्याची बाटली होती. अर्धी. नवी.

वर जिन्यात आत्याची पावलं वाजत होती. एक वाकळ टाकून खाली आली होती, दुसरी घेऊन परत वर निघाली होती. एका पायरीवर थांबायची, गुडघा धरायची, पुढची चढायची. आणि माझ्या तोंडातनं ते निघून गेलं. ठरवलं नव्हतं. ज्या जागेवर बसलो होतो त्या जागेचाच आवाज होता तो, खालचा, थोडा थकलेला, टाचा जुळवल्यासारखा.

"अगं, ह्यांस्नी उनात घालू नकोस."

पावलं थांबली. मागं वळून न बघता आत्या चटकन म्हणाली, "न्हाई घालत वं! एकदा चुकलं माजं, म्हून काय जल्मभर बोलून दावणार हाय का?"

आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं.

वाकळ धप्पकन पायरीवर पडली. आत्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरली, वाकून जिन्याखाली डोकावली. तिचे डोळे भरलेले होते आणि हातात फडकं होतं, ते माझ्या डोक्यात बसलं.

"मुडद्या! लाज न्हाई वाटत? काळीज हितं आलं माजं! इतकी वर्सं मी वाट बघितली, आज बोलतील, उद्या बोलतील, चार शिव्या देतील आन मोकळं करतील. एक सबूद बोललं न्हाईत ते. आन तू आलायस व्हय बोलायला, शेंबड्या? दात काय काढतूस? आन करायचीच हाय नक्कल तर नीट तरी कर! जिन्याखालनं ते कवा 'अगं' म्हणत न्हवते मला. 'शालन' म्हणायचे. हळू. तू भाईर पुस्तक घिऊन बसायचास न्हवं, तुला ऐकू जाऊ ने असं. कॉलेजात जाऊन काय शिकलास रं तू? आन त्यो डबा किती येळ उघडा ठेवलायस! झाकण लाव आदी! सुकंल की रं ती!"